यंत्र फुकट, पण सेल कोण देणार?

सन्माननीय संपादक,

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो आणि ३ मार्चला जागतिक श्रवण दिन. या दोन तारखांच्या आसपास श्रवणयंत्र वाटपाच्या शिबिरांच्या बातम्या दरवर्षी आपल्या दैनिकात येतात. वाटप होते हे चांगलेच. मात्र बातमीत यंत्रांची संख्या असते, त्या यंत्रांना लागणाऱ्या सेलचा उल्लेख नसतो. आणि त्यांतली बरीच यंत्रे काही महिन्यांत फडताळात का जाऊन पडतात, याचे उत्तर नेमके तिथे आहे. श्रवणतज्ज्ञ म्हणून रोज याच कामात असलेल्या आम्हा काही जणांना हा सगळा हिशेब वाचकांपुढे मांडावासा वाटतो. पत्र लांबले आहे, पण घरात कमी ऐकू येणारे माणूस असलेल्या वाचकाला ते लांब वाटणार नाही.

सेलपासूनच सुरुवात करू. कानामागच्या किंवा कानातल्या यंत्राला झिंक-एअर जातीचा, बटणाएवढा सेल लागतो. त्याचे चार आकार आहेत आणि ते स्टिकरच्या रंगावरून ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. दिवसाला चौदा-पंधरा तास यंत्र वापरले तर ३१२ चा सेल साधारण आठवडाभर पुरतो. १३ नंबरचा दहा-बारा दिवस जातो, ६७५ चा दोन आठवड्यांच्या आसपास, आणि १० नंबरचा चार-पाच दिवसांतच संपतो. म्हणजे ३१२ च्या यंत्राला वर्षाला एका कानासाठी ५२ सेल, दोन्ही कानांसाठी १०४. सहा सेलचे पाकीट २०० रुपयांना धरले तर अठरा पाकिटांचे ३,६०० रुपये होतात. पाच वर्षांचे १८,०००. शिबिरात मिळालेल्या यंत्राची किंमत कित्येकदा याहून कमी असते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळणाऱ्या आजींनी त्यातले ३०० सेलवर घालावेत, अशी आपण अपेक्षा करतो. त्या घालत नाहीत. पाहुणे आले, लग्नकार्य निघाले की तेवढे यंत्र कानाला लावतात. असे अधूनमधून लावलेल्या यंत्राचा आवाज मेंदूला कधीच सवयीचा होत नाही, सगळा नुसता कलकलाट वाटतो, आणि महिन्याभरात ‘हे मशीन मला चालत नाही’ असा निकाल लागतो. यंत्रात दोष नसतो. खर्चाचा विचार अर्धाच झालेला असतो.

सेल वाया जाण्याची कारणेही साधी आहेत. स्टिकर काढला की सेलच्या बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि आतले रसायन कामाला लागते. पुन्हा स्टिकर चिकटवून ते थांबत नाही, म्हणून दोन-चार सेलचे स्टिकर एकदम काढून ठेवू नयेत. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटे सेल तसाच उघडा ठेवावा, मगच यंत्रात घालावा. घाईने घातला तर चांगला सेलही मेलेला वाटतो आणि फेकून दिला जातो. रात्री यंत्र काढल्यावर सेलचे दार उघडे ठेवावे. यंत्र बंद होते आणि घामाची ओलही उडते. पाकिटावरची मुदत पाहून घ्यावे, वर्षाचा साठा एकदम करू नये. दोन-तीन घरांनी मिळून दहा पाकिटांचा खोका घेतला तर पाकिटामागे बरेच पैसे सुटतात. आणि एक गोष्ट पैशांपलीकडची: वापरलेला असो वा नवा, हा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. मुलाने गिळला किंवा नाकात घातला तर केळे-भात भरवत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

चार्जिंगच्या यंत्रात सेलची कटकट नाही, हे खरे. पण आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी दमते, ती बहुतेक वेळा कंपनीकडे पाठवूनच बदलावी लागते आणि चार्जर हरवला तर काही हजारांचा फटका बसतो. हाताला कंप असणाऱ्यांना किंवा नजर अधू असलेल्यांना ते सोयीचे. रात्री वीज जाणाऱ्या गावात मात्र सेलवाले बरे, असे आमचे मत आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण काही जणांना यंत्राची गरजच नसते आणि पहिला पैसा तिथेच वाचतो. दुकानाच्या पाटीवर ‘मोफत श्रवण चाचणी’ वाचून आत जाण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानात डोकावले पाहिजे. मळाने गच्च बसलेला कान साफ केल्यावर ऐकू येऊ लागलेली माणसे थोडी नाहीत. सरकारी रुग्णालयात हे काम केसपेपरच्या पैशांत होते. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर आधी औषध किंवा शस्त्रक्रिया. वाहत्या कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, घातला की कान चिघळतो आणि यंत्राचा रिसीव्हर, म्हणजे आवाज सोडणारा भागही जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका कानाने अचानक, रात्रीतून किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे बंद झाले तर ती आणीबाणी समजावी. ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून आठवडा घालवू नये. स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी पुन्हा ऐकू येण्याची शक्यता जास्त. दोन आठवडे उलटले की ती झपाट्याने कमी होते. या गोळ्यांचा खर्च शेकड्यांत असतो आणि कान गेल्यावरचा खर्च जन्मभराचा.

मोठ्यांसाठी शुद्ध स्वराची चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, खासगीत साधारण ३०० ते १,००० रुपयांत होते. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात ती नाममात्र शुल्कात होते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, नायर रुग्णालयात श्रवण व वाचा विभाग आहे. पुण्यात ससून आहे. चाचणीचा आलेख मागून घ्या. तो तुमचा आहे. ‘यंत्र इथेच घेणार असाल तरच रिपोर्ट देऊ’ असे कुणी म्हटले तर तिथून उठावे. चाचणी करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. विक्रेता आणि श्रवणतज्ज्ञ ही दोन वेगळी माणसे असतात आणि पुष्कळ दुकानांत फक्त पहिलाच असतो.

बहुतेक योजनांचे दार मात्र दिव्यांग प्रमाणपत्राच्या किल्लीनेच उघडते, आणि इथे बऱ्याच जणांची निराशा होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर ‘कमी ऐकू येणे’, ७० च्या वर असेल तर ‘बधिर’. लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. टक्केवारी काढताना आधी प्रत्येक कानाचे टक्के काढतात. मग चांगल्या कानाच्या टक्क्यांना ५ ने गुणायचे, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि बेरजेला ६ ने भागायचे. त्यामुळे एक कान ठार गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर येतात १०० भागिले ६, म्हणजे सुमारे १७ टक्के. अशा माणसाने प्रमाणपत्राच्या मागे चार फेऱ्या मारून प्रवासखर्च वाढवू नये. नियमात तो बसतच नाही. चांगला कान ४० टक्के आणि वाईट १०० टक्के असेल तर २०० अधिक १०० भागिले ६, म्हणजे ५० टक्के. हा माणूस बसतो. ४५ ते ५५ डेसिबलच्या मधल्या पट्टीतल्यांचा प्रश्न सर्वांत अवघड. त्यांना वर्गात, दुकानात, फोनवर ऐकू येत नाही, यंत्राचा उपयोगही त्यांनाच सर्वांत चांगला होतो, आणि दिव्यांगांच्या सरकारी योजनांच्या दृष्टीने ते कुठेच नसतात. हा नियम बदलावा असे आम्हाला वाटते, पण तो बदलेपर्यंत त्यांना स्वतःच्या खिशाचेच नियोजन करावे लागणार.

प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांचा अर्ज ऑनलाइन करून दिलेल्या तारखेला वैद्यकीय मंडळापुढे जायचे असते. अर्ज अडकतात ते तीन-चार ठरावीक कारणांनी: आधारवरचे नाव आणि अर्जातले नाव जुळत नाही, ऑडिओग्राम, म्हणजे चाचणीचा आलेख, जुना असतो, कानात मळ असताना चाचणी झालेली असते. चाचणीतल्या उत्तरांचा मेळ बसला नाही तर डॉक्टर बेरा तपासणी मागतात; तिच्यात आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्रानेच मोजतात. ती सगळ्या तालुक्यांत होत नाही, खासगीत साधारण दीड ते चार हजार लागतात. म्हणून मंडळाच्या तारखेआधी आपल्या जिल्ह्यात बेराची सोय कुठे आहे, हे फोनवर विचारून घ्यावे.

यंत्र विकत घ्यायचे असेल तर आधी एकच प्रश्न विचारावा: हा भाव एका कानाचा की दोन्ही कानांचा? जाहिरातीत बहुधा एकाच कानाचा असतो. कानामागचे प्राथमिक डिजिटल यंत्र एका कानाला साधारण १२ ते २५ हजारांत मिळते, मधल्या श्रेणीचे ३५ ते ८० हजारांत, त्यापुढे लाख-दोन लाखांपर्यंत. किंमत वाढते ती चॅनेलची (आवाजाच्या वेगवेगळ्या जुळवता येणाऱ्या पट्ट्यांची) संख्या, गोंगाट दाबण्याची क्षमता आणि मोबाइलशी जोडणी यांमुळे. बहुतेक वेळ घरात असणाऱ्या, चार माणसांशी बोलणाऱ्या सत्तरीतल्या व्यक्तीला ३२ चॅनेलचे यंत्र घेऊन द्यायचे काही कारण नाही. दुकान चालवणारा, वकील, शिक्षक, महाविद्यालयातला मुलगा यांना मात्र गोंगाटातला फरक जाणवतो, त्यांनी तिथे पैसे घालावेत. दोन्ही कानांत सारखी घट असेल तर एका महागड्या यंत्रापेक्षा दोन मध्यम यंत्रे बरी, कारण आवाज कुठल्या दिशेने आला हे दोन कानांवाचून कळत नाही.

खिशात ठेवायच्या पॉकेट मॉडेलला आजकाल सगळे नाके मुरडतात. त्याची वायर कपड्यांना घासते, आवाज खरखरतो, दिसायला ते जुनाट. पण बोटे वळत नसलेल्या, नजर अधू झालेल्या माणसाला त्याचे मोठे बटण हाताळता येते, पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो आणि दोन-तीन आठवडे चालतो. दोन ते पाच हजारांत काम होते. तरुण कुटुंबीयांना लाज वाटते म्हणून आजोबांना नखाएवढे यंत्र घेऊन देऊ नये. ते पहिल्या आठवड्यात आंघोळीच्या बादलीत जाते. याउलट ऑनलाइन हजार-पाचशेला मिळणारे ‘कानाचे मशीन’ म्हणजे नुसता आवाज मोठा करणारा डबा. ते तुमच्या आलेखाप्रमाणे बसवता येत नाही, दरवाजा आपटला तर तोही तितकाच मोठा करून कानावर फेकते. उरलेल्या ऐकण्यालाही त्याने धोका पोचू शकतो.

पैसे देण्यापूर्वी आठवडाभर वापरून पाहायला मागा. यंत्र तुमच्या आलेखानुसार संगणकावर प्रोग्राम केले आहे का, पुढची जुळवणी किती वेळा मोफत, वॉरंटी दोन वर्षांची की चार, त्यात रिसीव्हर येतो का, हे बिलावर लिहून घ्या. शिवाय हे यंत्र दुसऱ्या केंद्रात प्रोग्राम होईल का? काही विक्रेत्यांची यंत्रे त्यांच्याच सॉफ्टवेअरला कुलूपबंद असतात. ते दुकान बंद झाले, तुम्ही गाव बदलले, की चाळीस हजारांचे यंत्र आहे त्या सेटिंगवर अडकून राहते.

बिलाबद्दल एक फसवणूक सर्रास चालते. ‘बिल नको असेल तर जीएसटी सोडतो’ असे सांगितले जाते. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. सोडायला काही नाहीच. सेलवर मात्र कर लागतो. बिल घेतले नाही तर वॉरंटी, खर्चाचा परतावा आणि ग्राहक आयोगाचा रस्ता, सगळे एकदम हातचे जाते. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक असलाच पाहिजे. खोक्यावरची छापील किंमतही पाहा. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली आहेत आणि त्यांची छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

देखभालीचा खर्च किरकोळ दिसतो, पण टाळला तर तो मोठा होतो. ‘मशीन बिघडले’ म्हणून येणाऱ्या यंत्रांत नेहमीचे दोष हेच असतात: आवाजाच्या तोंडाशी मळ, ट्यूबमध्ये पाण्याचा थेंब, सेल उलटा. कोरड्या ब्रशने रोज रात्री तोंड साफ करावे; पिन किंवा ओले फडके नको. ट्यूब चार-सहा महिन्यांनी कडक व पिवळी पडते, ती बदलायला शे-दोनशे रुपये लागतात. न बदलल्यास आवाज दबतो आणि माणूस नवे यंत्र शोधू लागतो. रिसीव्हर कानात बसणाऱ्या यंत्राचा वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी जाळी, वेळेवर बदलला नाही तर मळ रिसीव्हरमध्ये जातो, मग काही हजार. यंत्र शिट्टी मारते ते बहुतेक वेळा मोल्ड सैल झाल्यामुळे किंवा कानात मळ साचल्यामुळे. कोकणात, मुंबईत आणि एकूणच पावसाळ्यात घाम व दमटपणा यंत्राचे आयुष्य खातात. झाकण घट्ट बसणारी डबी आणि सिलिका जेलची पुडी एवढ्यावर भागते. दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदलायची.

आता मदत कुठून मिळते ते. दिव्यांगांना साहित्य पुरवणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर यंत्र पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. एकदा लाभ घेतला की त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांना ही अट एक वर्षाची आहे. म्हणूनच शिबिरात आलेख न पाहता हातात ठेवलेले यंत्र सही करून घेऊ नये. ते कामाचे नसले तरी तुमची तीन वर्षे गेली. राष्ट्रीय वयोश्री योजना ६० वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी आहे आणि तीही शिबिरांतूनच चालते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली: वय ६५ पूर्ण, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आधारशी जोडलेल्या खात्यात एकदाच ३,००० रुपये, त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर वगैरे. इथे ४० टक्क्यांची अट नाही, ही तिची जमेची बाजू. तीन हजारांत डिजिटल यंत्र येत नाही, पॉकेट मॉडेल येते.

सीजीएचएसचे (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे) निवृत्त लाभार्थी, ईसीएचएसचे माजी सैनिक आणि ईएसआयचे विमाधारक कामगार यांना त्या-त्या योजनेतून मर्यादित रकमेपर्यंत यंत्र मिळते. आधी तज्ज्ञाची शिफारस आणि परवानगी, नंतर खरेदी, हा क्रम पाळावा; उलटा क्रम झाला की दावा परत येतो. नेहमीच्या आरोग्य विम्यावर विसंबू नये. चष्म्याप्रमाणेच श्रवणयंत्र हे बहुतेक पॉलिसींत न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमाग कामगारांसाठी एक गोष्ट सांगायला हवी: आवाजामुळे येणारा बहिरेपणा कामगार कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण नोकरीला लागतानाची ऑडिओमेट्री नसेल तर तो मागामुळेच आला, हे सिद्ध करणे कठीण जाते. तरुण कामगाराने ही चाचणी आजच करून कागद जपून ठेवावा.

लहान मुलांचा हिशेब वेगळा आहे, तिथे उशीर हाच सर्वांत मोठा खर्च. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र, हा जगभरचा दंडक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. बाळाचा कान वाढत असतो, म्हणून मोल्ड पहिल्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागतो, पाचशे ते दोन हजार रुपये एकाला. हा खर्च पालकांना कुणी आधी सांगत नाही. सैल मोल्डची शिट्टी ऐकून आई यंत्राचा आवाज कमी करते आणि मूल शब्दांना मुकते.

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचे यंत्र, खासगीत एका कानाला साधारण ६ ते १२ लाखांना पडते. एडिपमधून ते मोफत मिळू शकते. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची अट साधारण पाच वर्षांची आहे आणि नोंदणीचे काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीच्या यादीतही २ ते ६ वयाच्या मुलांचे इम्प्लांट आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने यंत्र लावून पाहावे लागते, स्कॅन लागतात. म्हणजे चौथ्या वर्षी धावपळ सुरू करणाऱ्याला वेळ पुरत नाही. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी पुढची दोन-तीन वर्षे आठवड्याला दोन-तीन वाचा-उपचार सत्रे, सत्राला साधारण ४०० ते १,००० रुपये. तालुक्यातले कुटुंब त्यासाठी शहरात खोली घेते, आईची मजुरी किंवा नोकरी सुटते. या खोलीभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी आमच्या माहितीत कुठल्या योजनेत रकाना नाही. एसटीची ७५ टक्के सवलत तेवढी घ्यावी.

त्यानंतर सुटे भाग. इम्प्लांटचा कानाबाहेरचा भाग म्हणजे आवाज टिपणारा प्रोसेसर, डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल आणि दोघांना जोडणारी केबल. पहिल्यांदा जाते ती केबल, प्लगजवळच्या वाकाशी तुटते, कारण मूल ती ओढते आणि चावते. चुंबक फार जोरदार असेल तर कातडी लाल होते, फार कमजोर असेल तर खेळताना कॉइल पडते. प्रोसेसर कपड्याला दोरीने अडकवायला पाच रुपये लागतात. मैदानात हरवला तर लाखांत. आतला भाग वर्षानुवर्षे टिकतो, बाहेरच्या प्रोसेसरची वॉरंटी मात्र तीन-पाच वर्षांत संपते आणि काही वर्षांनी कंपनी ते मॉडेलच बंद करते. नवा प्रोसेसर काही लाखांचा. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकणे आणि वॉरंटी संपण्याआधी प्रोसेसरचा विमा काढणे, याला आम्हाला तरी पर्याय दिसत नाही.

करांतली सवलत पगारदारही विसरतात. जुन्या करप्रणालीत स्वतः दिव्यांग असल्यास कलम ८०यू, अवलंबून असलेली व्यक्ती दिव्यांग असल्यास ८०डीडी, ही १९६१ च्या कायद्यातली तरतूद: ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची ठरावीक वजावट, पै-पैचा खर्च दाखवावा लागत नाही. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, तेव्हा दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. महाराष्ट्राच्या व्यवसाय करातून, म्हणजे वर्षाच्या २,५०० रुपयांतून, कायमस्वरूपी दिव्यांग व्यक्तीला आणि दिव्यांग मुलाच्या पालकांनाही सूट आहे. पगार विभागाला प्रमाणपत्र देऊन ती मागावी लागते, आपोआप होत नाही. २,५०० रुपये म्हणजे बारा पाकिटे सेल.

शेवटी आमची मागणी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो नव्या वस्तूंच्या वाटपावर उडतो. त्यातून सेल, मोल्ड व ट्यूब, वॉरंटीनंतरची दुरुस्ती आणि इम्प्लांटची केबल-कॉइल या खर्चांची बिले भागवण्याचा ठराव करावा. गावात दहा जण यंत्र वापरत असतील तर दोन्ही कानांच्या सेलचा वर्षाचा खर्च ३६,००० रुपये होतो, एखाद्या सत्कार समारंभाएवढा. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत तयार होते, त्यामुळे अर्ज नोव्हेंबरातच द्यावा. सोबत युडीआयडी कार्डाची प्रत, बँक पासबुकाचे पहिले पान आणि मागच्या तीन महिन्यांची सेलची बिले जोडावीत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

– जिल्हा पातळीवर काम करणारे काही श्रवणतज्ज्ञ, सातारा